मिनीचा गेलेला आवाज

कस्तुरीला लीड्सला सासरी येऊन दोन महिने झाले होते, आणि या दोन महिन्यांत सासूबाईंशी तिचं बोलणं 'चहा टाकू का?' आणि 'हो, टाक' याच्या फारसं पुढे सरकलं नव्हतं. भांडण नव्हतं, रुसवेफुगवे नव्हते. श्यामलाताई मुळातच मितभाषी. त्यांचा सगळा जन्म हॉस्पिटलात पेशंटना भूल देण्यात गेला, त्यामुळे समोरचा माणूस बोलायचा थांबला की त्यांना बरं वाटतं, असं कस्तुरीचा नवरा परीक्षित म्हणायचा. नवीन फ्लॅटचा ताबा मिळेपर्यंत दोघं त्याच्या आईवडिलांकडेच राहत होते, आणि नेमका परीक्षित कामासाठी आठवडाभर एडिंबरोला गेला होता.

त्यामुळे गुरुवारी जेवताना श्यामलाताईंनी अचानक विचारलं, "शनिवारी व्हिटबीला येतेस का? मिनीतून जाऊ," तेव्हा कस्तुरीच्या तोंडात घास होता. तिने नुसतीच जोरजोरात मान डोलावली.

मिनी म्हणजे श्यामलाताईंची गडद हिरवी, चिमुकली गाडी. चौऱ्याण्णव साली घेतलेली, परीक्षितपेक्षाही वयाने मोठी. वर्षातून एकदा श्यामलाताई आणि सुलक्षणाताई आणि आणखी दोघी अशा हॉस्पिटलातल्या त्यांच्या तीन मैत्रिणी आपापल्या जुन्या गाड्या बाहेर काढायच्या आणि एकीमागे एक अशा माळरानावरून थेट व्हिटबीच्या समुद्रापर्यंत जायच्या. नवऱ्यांना प्रवेश नव्हता. सुनांबद्दल आजवर कोणी विचारच केला नव्हता.

शनिवारी सकाळी कस्तुरीने डब्यात ठेपले भरले, थर्मास भरला आणि ती ड्राइव्हवेवर आली. रात्रभर कोसळून पाऊस नुकताच थांबला होता. सगळीकडे लख्ख ऊन पडलं होतं. श्यामलाताई स्कार्फ बांधून मिनीत बसल्या होत्या. त्यांनी चावी फिरवली.

घर्र घर्र घर्र घर्र.

पुन्हा फिरवली. इंजिन गोल गोल फिरत होतं, पण पेट काही घेईना.

वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. श्यामलाताईंचे यजमान, पुरुषोत्तमराव, हाडांचे निवृत्त डॉक्टर, ड्रेसिंग गाऊनमध्येच बाहेर डोकावले. "बॅटरी गेली!" त्यांनी जाहीर केलं. "तीस वर्षांची गाडी आहे ती. ब्रेकडाऊनवाल्यांना फोन करा, आणि तुम्ही आपल्या ट्रेनने जा."

श्यामलाताईंनी स्टिअरिंगवरचे हात मांडीवर ठेवले. चेहरा नेहमीसारखाच शांत होता, पण स्कार्फची गाठ सोडायला लागल्या तेव्हा बोटं जरा जास्तच जोरात ओढत होती. "राहू दे," त्या म्हणाल्या. "सुलक्षणाला कळवते. त्या तिघी जातील."

कस्तुरी सॉफ्टवेअर टेस्टर होती. काहीतरी बिघडलंय आणि का बिघडलंय ते कळत नाही, हे तिला सहनच व्हायचं नाही. गाडीतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, तरी तोंडातून निघून गेलं, "आई, पण बॅटरी नाहीये ही."

श्यामलाताईंनी वर पाहिलं.

"म्हणजे... दिवे लावा ना जरा." दिवे लागले, चांगले झगझगीत. "बघा! आणि इंजिन किती जोरात फिरतंय. बॅटरी उतरली असती तर नुसतं कण्हलं असतं. पुण्याला माझी स्कूटर रोज कण्हायची."

"मग काय झालंय?"

"माहीत नाही," कस्तुरी म्हणाली, आणि तिच्या लक्षात आलं की आपण चक्क हसतोय. "पण एकेक गोष्ट बाद करत गेलं तर सापडेल. दहा मिनिटं द्याल?"

श्यामलाताईंनी गाठ सोडणं थांबवलं. "दहा मिनिटं. सुलक्षणाला सांगते, थांबा म्हणून."

त्यांनी बॉनेट उघडलं. कस्तुरीने फोनवर शोधाशोध केली तर पहिल्याच पानावर दिसलं की या गाड्यांचं विजेचं सगळं तंत्र अगदी पुढे, जाळीच्या मागेच असतं, आणि पावसात ते दमट होतं. "आई! रात्री पाऊस होता!" ती धावत घरात गेली आणि हेअर ड्रायर व एक्स्टेन्शनची वायर घेऊन आली. खिडकीतून पुरुषोत्तमराव खो खो हसले. "आता ब्लो-ड्राय करणार का तिला?" दोघींनी तिकडे लक्षही दिलं नाही. एकेक जाड वायर वाळवली, टोपण काढून आतून पुसलं, परत बसवलं.

घर्र घर्र घर्र. ढिम्म.

"ठीक आहे," कस्तुरी म्हणाली. "आता ठिणगी पडते का ते बघू. एक प्लग काढावा लागेल. पाना आहे का, डिकीत?"

"इकडे बूट म्हणतात डिकीला," श्यामलाताई म्हणाल्या, आणि मागे बोट दाखवताना पहिल्यांदाच किंचित हसल्या. "आण इकडे. प्लग मी काढते. माझा हात स्थिर आहे."

खरंच होता. चार झटक्यांत प्लग हातात आला. त्यांनी तो नाकापाशी धरला, मग कस्तुरीच्या नाकापाशी. "कसला वास येतोय?"

"कसलाच नाही."

"मलाही नाही. आणि कोरडा ठणठणीत आहे. इतक्या वेळा चावी फिरवली, एव्हाना पेट्रोलने भिजायला हवा होता." त्यांनी प्लग तिच्या हातात दिला. "पण आधी ठिणगीचं बघ."

भांडी घासायचे जाड रबरी हातमोजे घालून कस्तुरीने प्लग त्याच्या वायरीत बसवला आणि लाकडी चिमट्याने इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकवून धरला. श्यामलाताईंनी आतून चावी फिरवली. टक्, टक्, टक्. निळ्याशार ठिणग्या!

"आहे! आई, ठिणगी आहे!" ती एवढ्याने ओरडली की शेजारच्या बाई पडदा सारून बघायला लागल्या. "म्हणजे वीज ठीक आहे. पेट्रोल येत नाहीये! पेट्रोल इंजिनापर्यंत पोचतच नाहीये!"

"टाकी अर्धी भरलीय. परवाच पेट्रोल टाकलं."

"मग टाकी ते इंजिन, या मधल्या रस्त्यात कुठेतरी अडलंय."

श्यामलाताईंनी प्लग पुन्हा बसवला, आत बसल्या, आणि चावी अर्धीच फिरवून थांबल्या. डॅशबोर्डवरचे छोटे दिवे लागले. कस्तुरी काहीतरी विचारणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"थांब. बोलू नकोस." चावी बंद केली, पुन्हा अर्धी फिरवली. मान तिरकी करून त्या ऐकत राहिल्या. मग सावकाश म्हणाल्या, "एक आवाज कमी आहे."

"कुठला?"

"चावी फिरवली की मागून घूंऽऽ असं येतं. दोन सेकंद. तीस वर्षं ऐकतेय मी ते, कधी लक्ष देऊन ऐकलं नाही एवढंच. आज नाहीये."

कस्तुरी मागे धावली, डिकी उघडली आणि आतल्या पेट्रोलच्या टाकीला कान लावला. "पुन्हा फिरवा!" काही नाही. "पुन्हा!" शांतता. "पंप! आई, तो पेट्रोलचा पंप असणार! तो चालतच नाहीये!"

एव्हाना श्यामलाताई गाडीतून उतरून तिच्या शेजारी उभ्या होत्या, स्कार्फ खांद्यावर घसरलेला, गालाला काळं लागलेलं. "पंप जळला असेल तर संपलं आजचं," त्या म्हणाल्या.

"आधी फ्यूज." फ्यूज काढून उन्हात धरला, तार शाबूत. तरी दुसरा घालून बघितला. फरक नाही. कस्तुरीने फोन पुन्हा हातात घेतला. पंप, आवाज नाही, फ्यूज ठीक. कुणाकुणाचे सल्ले, कुणाची भांडणं, आणि मग कुठल्यातरी माणसाने लिहिलेल्या दोन ओळी.

"आई, ऐका. या गाडीला एक छोटा स्विच असतो. अपघात झाला तर आग लागू नये म्हणून पेट्रोल बंद करतो. त्याच्या आत एक लोखंडी गोळी असते, धक्का लागला की ती जागची हलते आणि पंपाची वीज तुटते. वरचं बटण दाबलं की पुन्हा सुरू."

"कुठे असतो?"

"इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर."

दोघींनी एकदमच बॉनेटमध्ये डोकी घातली आणि ती एकमेकींवर आपटली. माफी मागायला कोणीच थांबलं नाही. धूळ, तेल, वायरींचं जंजाळ, आणि त्यामागे काडेपेटीएवढी काळी डबी. तिच्या डोक्यावर रबरी टोपण होतं, फुगल्यासारखं वर आलेलं.

कस्तुरीचा अंगठा तिथे पोचलाही होता. श्यामलाताईंनी तिचं मनगट धरलं. "आधी खाली बघू, पेट्रोल गळत नाही ना. हा स्विच उगाच नसतो उडत." दोघी ओल्या फरशीवर गुडघे टेकून गाडीखाली वाकल्या, सगळीकडे वास घेतला. पेट्रोलचा मागमूस नव्हता. "हं. दाब आता."

कटक्.

श्यामलाताई आत बसल्या. चावी अर्धी फिरवली.

घूंऽऽऽ.

कस्तुरी जागच्या जागी उडीच मारणार होती, पण सासूबाई इतक्या मोठ्यांदा "आलाऽऽ!" म्हणून ओरडल्या की ती उडी मारायची विसरली. या बाईंना एवढा आवाज आहे हे तिला माहीतच नव्हतं. चावी पुढे गेली, घर्र घर्र, एक खोकला, आणि मिनी धडधडत सुरू झाली. अख्खा ड्राइव्हवे थरथरायला लागला. श्यामलाताई स्टिअरिंगवर दोन्ही हातांनी थापा मारत होत्या, कस्तुरी हेअर ड्रायर उंचावून नाचत होती, आणि शेजारच्या बाई खिडकीतून टाळ्या वाजवत होत्या.

मग श्यामलाताईंचं नाचणं... म्हणजे बसल्या बसल्या चाललं होतं ते... थांबलं. इंजिन चालू ठेवून त्या उतरल्या आणि मिनीच्या पुढे जाऊन वाकल्या. नंबर प्लेटला कोपऱ्यात ताजी चीर गेली होती. बंपर एका बाजूने आत दबला होता. समोर, हातभर अंतरावर, पुरुषोत्तमरावांची मोठी इलेक्ट्रिक गाडी उभी होती.

"धक्का लागल्याशिवाय तो स्विच उडत नाही," त्या खिडकीकडे बघून म्हणाल्या. आवाज पुन्हा अगदी शांत. "अहो, काल संध्याकाळी गाडी मागे घेतलीत ना तुम्ही?"

खिडकीतलं डोकं आधी आत गेलं, मग पुन्हा बाहेर आलं.

"टेकली होती," शेवटी पुरुषोत्तमराव म्हणाले. "अगदी जराशी. मला वाटलं, काही झालं नाही."

"आणि सकाळपासून बॅटरी, बॅटरी ओरडताय!"

"बॅटरी पण असू शकली असती ना!"

कस्तुरीला हसू आवरेना. ती बंपरला टेकून हसायला लागली, आणि तिच्याकडे बघून श्यामलाताईही. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर दोघी हसल्या.

"खाली या," श्यामलाताई म्हणाल्या. "कपडे बदलून. पाच मिनिटांत."

"नवऱ्यांना प्रवेश नाही ना?"

"नवरा म्हणून नाही नेत तुम्हाला. गाडी परत बंद पडली तर ढकलायला माणूस लागेल."

पाच मिनिटांनी ते आले, जॅकेटचं एक बटण चुकीच्या काजात. मागची सीट म्हणजे मुलांना बसायची जागा. सहा फुटी पुरुषोत्तमराव तिथे गुडघे हनुवटीला लावून, ठेपल्यांचा डबा पोटाशी धरून बसले. कस्तुरी पुढे बसली. फोन स्पीकरवर लावला तर सुलक्षणाताई विचारत होत्या, "काय गं, येतेयस की आम्ही निघू?"

"निघू नका!" दोघी एकदम ओरडल्या.

गल्लीच्या टोकाला चढ होता. श्यामलाताईंनी गिअर खाली टाकला, ॲक्सिलरेटर दाबला, आणि मिनी गुरगुरत वर चढली. उघड्या खिडकीतून ओल्या गवताचा वास येत होता. हातांना तेलाचा वास येतच होता, कोणीच हात धुतले नव्हते.

"कस्तुरी," इंजिनापेक्षा वर आवाज चढवत श्यामलाताई म्हणाल्या, "तिची हँडब्रेकची वायर पण सैल झालीय. आणि डावा वायपर मध्येच अडतो. उद्या बघायचं का?"

"उद्या कशाला, आज परत आल्यावरच बघू!" कस्तुरी ओरडली.

"परत आल्यावर आधी जेवायचंय," मागून पुरुषोत्तमराव म्हणाले, पण ते कुणालाच ऐकू गेलं नाही.