फलाट क्रमांक तीन आणि उलट जोडलेली तार

माझ्या उरल्यासुरल्या सहा दातांची शपथ घेऊन सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. ज्याला खोटं वाटेल त्याने आत्ताच उठून जावं, मी काही हात धरून बसवणार नाही.

मिस्त्रींनी आयुष्यभर बसगाड्या दुरुस्त केल्या, आणि त्यांच्या बायकोने त्याच बसस्थानकावर एकतीस वर्षं माइकवरून गाड्या पुकारल्या. सगळे तिला बाई म्हणायचे. आवाज असा की ‘गाडी सुटत आहे’ म्हटलं की झोपलेला ड्रायव्हर झोपेतच गिअर टाकायचा. छपरावरची कबुतरंसुद्धा त्या सांगतील त्या फलाटावर जाऊन बसायची. निवृत्तीनंतर घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. तेव्हापासून बाई पाटीवर लिहून बोलायच्या. भांडताना पाटी पुसायला वेळ लागायचा, तेवढीच मिस्त्रींना श्वास घ्यायला फुरसत.

मग एक दिवस स्थानकावरची जुनी खोली रिकामी करताना एक कॅसेट सापडली. तिच्यावर बाईंच्या एका अख्ख्या दिवसाच्या घोषणा. परगावी असलेल्या लेकीने ती कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आणि पाठवून दिली. मिस्त्रींना कुठला धीर. त्यांनी लगेच मोबाइलवर लावली, आणि त्या इवल्याशा भोकातून सर्दी झालेलं बदक बोलावं तसं काहीतरी बाहेर आलं. बाईंनी ऐकलं, उठल्या, आत गेल्या. थोड्या वेळाने पाटी तेवढी बाहेर आली. ‘असाच होता तर. लोक तोंडावर गोड बोलत होते इतकंच.’

एकतीस वर्षांची कमाई, आणि ती बाईंनी एका मोबाइलच्या सांगण्यावरून मोडीत काढली. मिस्त्रींनी लेकीला फोन करून सगळं सांगितलं. लेकीने दोन दणकट स्पीकर आणि एक चपटा डबा धाडून दिला. कॉम्प्युटरमध्ये आवाजाचे आकडे झालेले असतात, त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करायचा, हे त्या डब्याचं काम. कन्व्हर्टर म्हणतात त्याला. बाईंनी डब्याकडे बघितलं आणि लिहिलं, ‘एकदाच ऐकेन. मग हा विषय बंद.’ आणि एकदाच म्हणजे एकदाच. एक मिनिट उशीर झालेली गाडीही जिने कधी वेळेवर म्हटली नाही, ती बाई शब्द कशाला फिरवते.

रविवारी सकाळी बाई बाजारात गेल्या तसे मिस्त्री रंगीत तालमीला बसले. घरात पडलेल्या साध्या बारीक तारांनी त्यांनी डबा स्पीकरला जोडला. तेवढ्यात फ्रिज सुरू झाला, आणि स्पीकरमधून अशी घरघर उठली की भिंतीत कुणी डिझेलची बस उभी करून ठेवलीय. लेकीने फोनवर विचारलं, तार कुठून नेलीत. मिस्त्री म्हणाले, फ्रिज आणि मिक्सरच्या वायरींच्या कुशीतून. मग ती म्हणाली की डब्याच्या मागे तीन भोकांच्या गोल जागा आहेत, तिथे जोडा. तिथून एकच आवाज दोन तारांतून निघतो, एकीत सुलटा, दुसरीत उलटा, आणि तिसरी जाळीची तार वरून पांघरूण घालते. वाटेत घरघर घुसली तर दोघींत सारखीच घुसते. स्पीकर उलट्याला सुलटा करतो आणि दोन्ही एक करतो. आवाज आवाजात मिळतो, घरघर मात्र आपसात कापली जाते. मिस्त्रींना हे फार पटलं. दोन जावा एकमेकींशी भांडून दमल्या आणि घर शांत झालं, असलाच प्रकार, म्हणाले.

तयार तारा आणायच्या म्हणजे मिस्त्रींच्या हाताची अब्रूच गेली. त्यांनी सुटी तार आणि तिच्या टोकांना लावायचे तीन पिनांचे खटके आणून स्वतः सोल्डरिंग केलं. जाळी नीट जोडली. आतल्या लाल आणि पांढऱ्या तारेचं मात्र एवढं मनावर घेतलं नाही. बसच्या हॉर्नला दोन तारा असतात, कशाही लावा, हॉर्न वाजतो. एका केबलला त्यांनी सुलट्या लावल्या, दुसरीच्या एका टोकाला कशाही.

घरघर गेली. साफ गेली. आणि बाईंचा आवाज आला, पण कुठून येतोय तेच कळेना. डावीकडून नाही, उजवीकडून नाही, मधूनही नाही. कधी वाटे मानेमागून येतोय, कधी वाटे मोरीतून. सगळा भरदारपणा गेलेला, नुसतं पाणी घातलेलं ताक. मिस्त्रींनी घड्याळ बघितलं. बाई अर्ध्या तासात येणार होत्या, आणि ऐकणार होत्या एकदाच.

इतक्यात खालच्या मजल्यावरच्या शिंपीणवहिनी मिस्त्रींची पँट आखूड करून द्यायला वर आल्या. त्यांनी दारातच ऐकलं आणि तोंड वाकडं केलं. मग म्हणाल्या, यातला एक बंद करा बघू. एकटा डावा लावला, आवाज ठणठणीत. एकटा उजवा लावला, तोही ठणठणीत. दोन्ही लावले की पुन्हा ताक.

“भावजी, बाह्या दोन्ही चांगल्या शिवल्यात. कोटाला लावताना एक उलटी लावलीत.”

“वहिनी, हे कापड नाही.”

“उसवा तरी.”

मिस्त्रींनी खटके उघडले. वहिनींनी ते शेजारी शेजारी धरले, सुईत दोरा ओवायचा चष्मा नाकावर ओढला आणि पिनांशेजारचे बारीक आकडे वाचायला लागल्या. तीन टोकांना लाल तार दोनवर होती, चौथ्याला तीनवर. मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. एक स्पीकर ढकलत होता तेव्हा दुसरा ओढत होता. पुढून एकाने बस ढकलायची आणि मागून दुसऱ्याने, मग ती हलणार कशी. त्यांनी हॉर्नची गोष्ट कबूल केली, वहिनी खो खो हसल्या, आणि अंगठा भाजून घेत मिस्त्रींनी तारांची अदलाबदल केली. शेवटचा खटका बसवला आणि जिन्यावर बाईंच्या चपला वाजल्या.

बाई पाटी मांडीवर घेऊन बसल्या, निकालाला बसतात तशा. मिस्त्रींनी कळ दाबली.

‘लक्ष द्या. फलाट क्रमांक तीनवरून सात नंबरची गाडी सुटत आहे.’

दोन स्पीकरांच्या बरोबर मधोमध, जिथे नुसती भिंत होती, तिथे बाई उभ्या राहिल्या. बत्तीस वर्षांच्या, ताठ, खणखणीत. खाली रस्त्यावरून जाणारा एक सूटकेसवाला दचकून पळत सुटला. फ्रिज चालू होता, पण त्याची काही चूं नाही. सुटणाऱ्या गाड्या सुटल्या, रखडलेल्या रखडल्या, आणि मग आलं, ‘वर्कशॉपच्या मिस्त्रींनी ताबडतोब चौकशी खिडकीपाशी यावे.’

“आलो,” म्हणत मिस्त्री उठलेसुद्धा. अर्ध्या वाटेवर त्यांच्या लक्षात आलं.

त्या खिडकीपाशी त्यांचा जेवणाचा डबा असायचा. बाई तो स्टोव्हवर गरम करायच्या आणि सरकारी आवाजात पुकारायच्या. अख्ख्या स्थानकाला ठाऊक होतं, फक्त साहेब समजायचे कुठलं तरी इंजिन बसलं. मिस्त्री तसेच खोलीच्या मधोमध उभे राहिले.

“इतकी वर्षं गरम जेवलो तुझ्या आवाजावर,” ते म्हणाले. “कधी बोललो नाही गं. फार उपकार झाले तुझे.”

बाईंनी बराच वेळ लिहिलं. मिस्त्रींनी पाटी घेतली, पण त्यांना अक्षरं दिसेनात, म्हणून वहिनींनी वाचली. ‘सात म्हणताना श्वास चुकलाय. फलाटाला घाई झालीय. पण आवाज चांगला होता माझा. पुन्हा लावा.’

पुन्हा लावलं. मग परत एकदा. वहिनींना बाईंनी उठूच दिलं नाही, त्यांचा हात घट्ट धरून ठेवला, आणि वहिनी दुपारपर्यंत सगळ्या गाड्या ऐकत बसल्या.

आता शपथ घेतलीय म्हणून सांगते. तो सूटकेसवाला काही पळाला नाही. सूटकेसवालाच नव्हता. रस्त्यावर एक मांजर होतं, आणि तेही झोपलेलं.