गाठ मारलेली वायर

बसा बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय लबाड आहे. ह्या खोक्यावर टेका. तुमची मोटर व्हायला अजून तासभर तरी लागेल, घाई केलीत तर पुन्हा जाळून आणाल. तोवर तुम्हाला एक गोष्ट सांगतो. खरी आहे, घरचीच आहे, आणि अजून संपलेली नाही. शेवटी तुमच्याकडून एक काम करून घेणार आहे, ते आधीच सांगून ठेवतो. नंतर म्हणू नका म्हाताऱ्यानं बोलता बोलता गळ्यात मारलं.

आवाज मात्र जरा बारीक ठेवा. पडद्यामागे तुमच्या मोटरीत कॉइल घालत बसलाय ना, तो माझा जावई. गोष्ट त्याचीच आहे.

तीन वर्षांपूर्वी त्याचा कारखाना बंद पडला तेव्हा तो माझ्याकडे आला. मी म्हटलं, बाबा रे, दुकानात तू कारागीर, घरात तू जावई. म्हणून दुकानात मी त्याला 'अरे' म्हणतो आणि घरी गेलं की 'अहो जावईबापू'. तोही हसतो. दोन्हीकडे मला मामाच म्हणतो. आणि हात काय सांगू तुम्हाला! मी चाळीस वर्षं मोटरी भरतोय, पण त्याच्यासारखे वेढे मला नाही जमत. डोळे मिटून भरेल. तांब्याची तार बोटातून सोडतो आणि मनात मोजत जातो, एक वेढा इकडचा तिकडे नाही.

त्याची एक खोड होती. मोटरीच्या बाहेर ज्या वायरी सोडतात, त्यांना तो गाठी मारायचा. हिरव्या वायरीला, म्हणजे अर्थिंगच्या, एक गाठ. लालला, म्हणजे करंटच्या, दोन. मला वाटलं, वा, काय शिस्त आहे! येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचो. "बघा, आमच्या दुकानाची गाठ," म्हणायचो. असा मी शहाणा. उंटावरचा.

एकदा एका गिऱ्हाईकानं त्या गाठी सोडून टाकल्या. म्हणे, बरं दिसत नाही. काहीतरी आवाज करतो म्हणून पंप परत आणला, जावयानं बघितला, जोडला, मी बटण दाबलं आणि पंपाला हात लावला. असा झटका बसला की चप्पल एकीकडे आणि मी एकीकडे. आठ दिवस हाताला मुंग्या. मी त्या गिऱ्हाईकाला शिव्या घातल्या, पंप बनवणाऱ्याला शिव्या घातल्या, पावसाळी हवेला घातल्या. जावई कोपऱ्यात पांढराफटक होऊन उभा. मला वाटलं, किती जीव आहे पोराचा माझ्यावर!

तर यंदा रेल्वेत टेक्निशियनची भरती निघाली. सिग्नलच्या खात्यात दोनशे जागा. आमची लेक म्हणाली, "बाबा, ह्यांना बसवायचंच." मी म्हटलं बसव. दुकान माझ्याबरोबर म्हातारं झालंय, त्याच्यावर दोन संसार कसे चालतील? मग सुरू झाला अभ्यास. सकाळी दुकान उघडायच्या आधी तो ह्या टेबलावर पुस्तक उघडून बसायचा. दुपारी लेक डबा घेऊन यायची, ती प्रश्न विचारायची आणि तो वेढे मोजता मोजता उत्तरं द्यायचा.

"रेझिस्टन्स दुप्पट केला तर करंट?"

"निम्मा. एकवीस, बावीस..."

"ट्रान्सफॉर्मरला डीसी दिला तर?"

"मामांना विचार, त्यांनी दिलाय एकदा."

"तेव्हा तू जन्मला नव्हतास," मी म्हणायचो. "धूर मात्र झकास निघाला होता."

असं मजेत चाललं होतं. पण मला मेली सवय, कान उघडे ठेवायची. मोटर जळायच्या आधी आवाज बदलते. माणसाचंही तसंच असतं. महिन्याभरानं दोघांचा आवाज बदलला.

मी आत आलो की एक वही मिटायची. काळ्या पुठ्ठ्याची. बाकीची पुस्तकं टेबलावर उघडी पडलेली असायची, ही एकटी इन्शुलेशनच्या कागदाच्या खोक्यात, तळाशी. अभ्यासाच्या वहीला कुणी लपवतं का? आणि एकदा मी पडद्याबाहेर उभा होतो, तर लेक विचारतेय, "तिसरं?" हा म्हणाला, "सहा." "पाचवं?" "सत्तावन्न." "नववं?" ह्याला आठवेना. ती दबक्या आवाजात म्हणाली, "चौऱ्याहत्तर हो, चौऱ्याहत्तर! किती वेळा सांगायचं?"

आता माझं शिक्षण चौथी. पण एवढं मलाही ठाऊक आहे की त्या परीक्षेत चार उत्तरं छापलेली असतात, त्यातलं एक निवडायचं. सत्तावन्नावं उत्तर कुठून आलं? म्हटलं, पाणी कुठेतरी मुरतंय. मागच्या खेपेला पेपर फुटला म्हणून अख्खी परीक्षा रद्द झाली होती, ते डोक्यात होतंच. झालं, संशयाचं भूत बसलं मानगुटीवर. ह्यांना कुणीतरी फुटलेला पेपर दिलाय. आकडे ही त्याची खूण असणार. उद्या पोलीस दुकानात येणार, जावयाला घेऊन जाणार, आणि लेकीचा संसार उघड्यावर.

एका दुपारी ती दोघं जेवायला बसली तेव्हा मी खोक्यात हात घातला. वहीत नुसते आकडे. ना प्रश्न, ना नाव. बारा, आठ, सहा, एकोणतीस, सत्तावन्न, पाच, तीन, पंधरा, चौऱ्याहत्तर... वेढे मोजून मोजून आकडा माझ्या डोक्यात चिकटतो. वही होती तशी ठेवली. मग मीही जाऊन पानावर बसलो आणि लेकीला विचारलं, "काय गं, अभ्यास कुठवर आला?"

"होतोय की, बाबा."

"आकडेमोड पण असते का त्यात?"

तिनं पाण्याचा तांब्या उचलला. भरलेलाच होता, तरी भरायला गेली. जावई भात कालवत राहिला. पाच मिनिटं कालवत होता.

कुणाला विचारावं? पोलिसात जावं तर लेकीचं वाटोळं, गप्प बसावं तर झोप नाही. असे आठ दिवस काढले. त्यात माझ्या चष्म्याची काडी मोडली, म्हणून समोरच्या चष्मेवाल्याकडे गेलो. तो काडी बसवत होता आणि मी त्याच्या टेबलावरचं पुस्तक चाळायला घेतलं. पानापानावर गोल, आणि गोलात रंगीत ठिपके, जणू कुणी मणी सांडलेत.

चष्मेवाला म्हणाला, "वाचा की काका. आकडा दिसतो का?"

"दिसतो. बारा."

"उलटा पान."

"आठ." आणखी उलटलं. "सहा." पुढचं पान उघडायच्या आधीच माझ्या तोंडून निघालं, "एकोणतीस." उघडलं, तर एकोणतीसच. पुढचं मी उघडलंच नाही. पुस्तक मिटून विचारलं,

"हे कशासाठी असतं रे?"

"रंग ओळखता येतात का ते बघायला. ज्याला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, त्याला पहिलं पान वाचता येतं, पुढची चुकतात. रेल्वेत हमखास दाखवतात. काही बहाद्दर पाठ करून जातात."

"मग पास होतात?"

"डॉक्टर कंटाळलेला असला तर होतात. चलाख असला तर पुस्तक उलटं धरतो, नाहीतर मधूनच उघडतो. का हो, कुणाला तपासायचंय?"

"कुणाला नाही," म्हटलं, आणि काडी न लावताच चष्मा घेऊन आलो.

रस्ता ओलांडता ओलांडता सगळं जागेवर बसलं बघा. गाठी कशाला, ते कळलं. लेक त्याचे कपडे रोज काढून ठेवते, ते का, कळलं. आणि मला तो झटका का बसला, तेही. जीव होता पोराचा माझ्यावर, नाही असं नाही. पण तो पांढरा पडला होता तो वेगळ्या कारणानं.

दुसऱ्या दिवशी मी टेबलावर वितीएवढ्या दोन वायरी कापून ठेवल्या. जाडी एक, लांबी एक. एक लाल, एक हिरवी. गाठ नाही. लेक नुकतीच डबा घेऊन आली होती. मी हाक मारली, "जावईबापू, त्यातली हिरवी द्या बरं."

दुकानात 'जावईबापू' ऐकलं आणि त्याचा चेहराच उतरला. त्यानं दोन्ही वायरी उचलल्या. उजेडाकडे धरल्या. बोटांनी चाचपल्या, जणू रंग हाताला लागणार होता. लेकीनं तोंड उघडलं.

"तू गप," मी म्हटलं.

त्यानं एक वायर पुढे केली. लाल होती.

मी ती हातात घेऊन बसलो. डब्याचं झाकण लेकीच्या हातातून पडलं, ते गोल गोल फिरत बसलं, थांबेना. शेवटी त्यानंच विचारलं, "मामा, कधी कळलं?"

"तीन वर्षं उशिरा. मला सांगितलं असतंस तर मी काय खाल्लं असतं तुला?"

"लाज वाटायची."

"लाज वाटते म्हणून सासऱ्याला करंट दिलास होय रे?"

लेक रडायला लागली, आणि रडता रडता भांडायलाही लागली. तिची आईही अशीच, दोन्ही कामं एकदम करायची. "बाबा, ह्यांना सगळं येतं! सराव परीक्षेत पहिले असतात! फक्त ठिपक्यांपायी घरी बसायचं का?"

"मामा, मला दिवे बघायचे नाहीत," जावई म्हणाला. "गाडी चालवणारा दिवे बघतो. मला नुसत्या केबली जोडायच्यात. त्यांच्यावर नंबर असतात."

"आणि नंबर पुसले गेले तर? चिखलात, अंधारात, वरून साहेब ओरडतोय, तेव्हा कुणाला विचारशील? हिला घेऊन जाशील रुळावर?"

त्यानं हातातली हिरवी वायर टेबलावर ठेवली.

"माझ्या एकट्याच्या हाताला मुंग्या आल्या, ते भागलं. तिथे गाडीत हजार माणसं असतात. त्यांनी तुझं काय घोडं मारलंय?"

लेकीनं झाकण उचलून डब्यावर लावलं. मग लेकच नाक पुसत म्हणाली, "वर्कशॉपला चालतं असं." मी विचारलं, ते काय? तर त्याच भरतीत वर्कशॉपचा एक गट होता. मोटरी भरायच्या, छपराखाली बसून. तिथे ठिपक्यांचं पुस्तक दाखवत नाहीत. मी कपाळावर हात मारला. "अरे, मग फॉर्ममध्ये ते का नाही लिहिलंस?"

"चौदा जागा आहेत, मामा," तो म्हणाला. "सिग्नलला दोनशे. तिथे चौदा."

"मग चौदांतला एक हो. नाहीतर इथे बस माझ्याजवळ, अर्धी अर्धी खाऊ. पण सिग्नलला तू जायचं नाहीस."

फॉर्ममध्ये बदल करायला शुक्रवारपर्यंत मुदत होती. शुक्रवारी संध्याकाळी तो कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन आला, आणि फॉर्मचा हा छापील कागद माझ्या हातात ठेवला. "बदललं, मामा. पहिल्या नंबरावर वर्कशॉप."

लेक म्हणाली, "बदललं, बाबा. मी होते ना बरोबर."

झालं की मग, तुम्ही म्हणाल. पण दोघंही फार पटकन बोलली हो. एकाच सुरात, पाठ केल्यासारखी. दोनशे जागा सोडून चौदांवर येणारा माणूस थोडा तरी चिडेल, एखादा घास कमी खाईल. हा दोन भाकऱ्या जास्त जेवला. त्या रात्री मी खोकं बघितलं, काळी वही नव्हती. फाडून टाकली असं तो म्हणतो. फाडली, की दुसरीकडे ठेवली? काल मी इथेच बसलो होतो आणि पडद्यामागून आवाज आला, "सत्तावन्न." आता कॉइलचे सत्तावन्न वेढे असू शकतात. असतीलही. माझं मन मात्र ज्याच्या त्याच्यावर भुंकतंय.

त्यानं मला फसवलं असेल, तर मी एक ठरवलंय. परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. तो पास होणार, ह्यात मला शंका नाही. मग डोळे तपासायला बोलावतील, त्या दिवशी मी त्याच्या आधी जाऊन त्या डॉक्टरच्या दारात उभा राहणार आणि सांगणार, साहेब, ते पुस्तक जरा उलटं धरा. पोटच्या पोरीच्या नवऱ्याविरुद्ध. ती माझं तोंड बघणार नाही पुन्हा. पण माझा संशयच खोटा ठरला, तर? मग विनाकारण मीच लेकीचं घर मोडलं म्हणायचं.

हा तो कागद. तेव्हापासून खिशात घेऊन फिरतोय. आकडे मला कळतात, पण बाकीचं सगळं इंग्रजीत. वाचून दाखवणारी घरात दोघंच, आणि नेमका त्या दोघांवरच माझा भरवसा उडालाय. चष्मेवाल्याला दाखवलं असतं, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. तुम्ही परके आहात, तुम्हाला ना त्याचं सोयर ना माझं सुतक. आणि हो, तुमच्या मोटरीच्या वायरी मीच जोडणार आहे, घाबरू नका. आता तो फक्त वेढे भरतो.

थांबा, आतला आवाज थांबलाय. पाणी पीत असेल. जरा इकडे सरका, पाठ पडद्याकडे करा. चष्मा लावा. हे बघा, इथे पहिला नंबर आहे, त्याच्यापुढे काय लिहिलंय, सिग्नल की वर्कशॉप? मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका. जे छापलंय तेच वाचा, आणि हळू वाचा.