डिकीत राहिलेला अर्ज

रेणूचा धाकटा भाऊ शंतनू चौदा महिने कोठडीत सडत होता. ब्रिटिशांच्या ताब्यातल्या एका चिमुकल्या बेटावर हॉटेलात नोकरीला गेला काय, चोरीच्या संशयावरून आत गेला काय, आणि खटल्याचं नाव नाही! शेवटच्या कोर्टानेही हात झटकले. आता एकच दार उरलं होतं, युरोपातलं मानवी हक्कांचं कोर्ट. बेट साहेबाचं, म्हणून तिथल्या कैद्यालाही त्या कोर्टात स्वतः दाद मागता येते. अट एवढीच, की त्याच्या सहीचा मूळ अर्ज त्या शेवटच्या निकालापासून चार महिन्यांच्या आत टपालात पडला पाहिजे.

सही केलेला अर्ज अमेरिकेत, ट्रॉयला रेणूकडे आला. वकील पद्मिनीने पुरावे जोडून दिले. "ऑफिसला जाता जाता टाकतो," म्हणत नवऱ्याने, देवांगने, पाकीट नेलं.

मुदत संपल्यावर तीन दिवसांनी पद्मिनीचा फोन आला, "रेणू, ट्रॅकिंग नंबर पाठव ना."

रेणूने देवांगला विचारलं. तो लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाला, "पाठवलंच नाही."

"काय?"

"आपलं ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे. घरच्या अ‍ॅड्रेसवरून गव्हर्न्मेंटविरुद्ध कंप्लेंट करायची? वेड लागलंय का तुला?"

"अरे, ते सरकार इथलं नाही!"

"सगळी सरकारं सारखीच, यार. एकमेकांना विचारतात."

बारा वर्षं व्हिसाच्या रांगेत उभं राहून माणसाचा कणा झिजतो म्हणतात. याला मुळात होता की नाही, देव जाणे. पाकीट डिकीत बर्फ खरडायच्या ब्रशखाली सापडलं. रेणूला नवऱ्याची किळस आली.

रविवारी तुरुंगातून शंतनूचा फोन आला, तो देवांगनेच उचलला. "गेलं रे पाकीट, डोन्ट वरी," तो बिनदिक्कत म्हणाला.

रेणूने फोन हिसकावला. "खोटं बोलतोय तो! ग्रीन कार्डला धक्का लागेल म्हणून पाकीट लपवून ठेवलं याने. मुदत गेली, शंतनू."

पलीकडे कुणीतरी खोकत होतं. शंतनू हळूच म्हणाला, "ताई, तुझं ग्रीन कार्डही त्याच्याच फाइलमध्ये आहे ना?"

"हो," रेणू म्हणाली.

त्याने फोन ठेवला.