राखेतली गोळी

भस्मवाल्या बाबांच्या अंगणात सकाळपासून रांग लागायची. धरून आणलेली माणसं आठवड्याभरात आपल्या पायांनी येऊ लागायची, आणि हे डोळ्यांनी पाहिलेलं कोण नाकारणार? "गुडघ्यात अहंकार साचतो, म्हणून तो वाकत नाही," बाबा सांगायचे आणि राखेच्या पुड्या हातावर ठेवायचे. रोज एक, शंका न घेता. शंका घेतली की गुण जातो.

इस्पितळात नर्स असलेल्या सिस्टरची थोरली बहीण त्याच रांगेतली. सांधेदुखीनं अंथरुणाला खिळलेली बाई जिने चढू लागली. आठ महिन्यांत चेहरा गोल, गुबगुबीत झाला. शेजारणी म्हणाल्या, तेज आलंय. जरा धक्का लागला तरी हातावर काळेनिळे डाग उठत, त्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही.

सिस्टर वीस वर्षं इस्पितळात औषधं देत होती. रोग्याचं नाव, औषध, मात्रा, वेळ ताडून पाहिल्याशिवाय तिनं कधी कुणाच्या हातावर गोळी ठेवली नव्हती. पण सुट्टीत बहिणीकडे आली आणि पुड्या पाहून तिचं डोकंच फिरलं. ताई काकुळतीला येऊन सांगत होती, अगं, खरंच बरं वाटतं मला. हिनं ऐकून घेतलं नाही. सगळ्या पुड्या मोरीत ओतल्या.

चौथ्या दिवशी ताईला उलट्या सुरू झाल्या. उभी राहिली की भोवळ यायची. इस्पितळात नेलं तेव्हा नाडी जेमतेम लागत होती.

"कुठलं औषध चालू होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही," सिस्टर म्हणाली. "नुसती राख."

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई गेली.

पुढं कपाट आवरताना कपड्यांच्या घडीत एक पुडी सापडली. सिस्टरनं ती कागदावर पसरली. राखेत नीट न कुटलेला पांढरा तुकडा होता, त्यावर सरळ रेघ. गोळी अर्धी मोडता यावी म्हणून असते तशी. अशा हजारो गोळ्या तिनं मोडल्या होत्या.

प्रयोगशाळेनं सांगितलं ते तिला आधीच कळलं होतं : स्टेरॉइड, भरपूर. दुखणं दाबणारं, चेहरा सुजवणारं. बाहेरून इतकं मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं सोडून देतं; मग ते एकाएकी तोडलं तर माणूस कोसळतो. हे तिला पाठ होतं. फक्त विचारायचं राहिलं होतं.

ती अहवाल घेऊन अंगणात उभी राहिली आणि राखेत काय मिसळलंय ते सगळ्यांना वाचून दाखवू लागली. बाबांनी श्रद्धेच्या अग्नीविषयी काहीबाही सुरू केलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. रांगेतला म्हातारा शिंपी चिडला होता.

"पण माझे गुडघे खरंच बरे झालेत, बाई."

"झालेत, काका. औषध खरं आहे. चमत्कार तेवढा खोटा आहे."

लोक पुड्या भिरकावू लागले, तशी तिनं हात जोडले.

"फेकू नका. मी फेकल्या होत्या. पुड्या घेऊन आजच इस्पितळात चला, डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतील. आणि यापुढं बाबा असो, डॉक्टर असो, मी असो, जो कुणी औषध देईल त्याला विचारा : याचं नाव काय, किती घ्यायचं, बंद कसं करायचं. जो सांगणार नाही, त्याच्या हातचं घेऊ नका."

शिंप्यानं खाली पडलेली आपली पुडी उचलली, खिशात ठेवली आणि तिच्याबरोबर चालू लागला.