मी फाटकात बंद पडले तेव्हा

मित्रांनो, मी तेल्हाऱ्याची एक जुनी पिकअप गाडी आहे. डिझेलवर चालते. रामरावांनी मला कापूस वाहायला विकत घेतलं आणि डोमाजींच्या हाती सोपवलं. अकरा वर्षं त्यांनीच मला चालवलं. "लय गुणाची हाये माही गाडी," असं ते भेटेल त्याला सांगायचे.

गेल्या वर्षी मात्र मला काय झालं कोण जाणे! चालता चालता दम कोंडायचा. इंजिनापर्यंत डिझेलच पोचायचं नाही. दहा मिनिटं उभी राहिले की पुन्हा सुरू, जणू काही झालंच नाही! डोमाजींनी फिल्टर बदलून घेतला, नळीतली हवा काढली, पंप तपासून घेतला. दोन दिवस बरे जायचे, मग पुन्हा तेच.

एका सकाळी डोमाजी रामरावांच्या गरोदर लेकीला, आकांक्षाला, अकोल्याच्या दवाखान्यात नेत होते. रेल्वे फाटकात, अगदी रुळांवर, मी बंद पडले. दुरून शिटी ऐकू आली. मी हादरलेच! फाटकवाला लाल झेंडी घेऊन धावत सुटला.

"ताई, उतर आधी!" डोमाजी ओरडले. तिला पलीकडे सोडून ते माघारी आले आणि चार लोकांसोबत त्यांनी मला ढकललं. मी रुळांवरून खाली उतरले, तेव्हा कुठे त्यांनी माझ्यावरचा हात काढला.

मला वाटलं, घरी पोचल्यावर रामराव त्यांना छातीशी धरतील. पण ते गरजले, "डिझेल इकून टाकीमंदी घासलेट टाकून राहिला तू! चोर हायेस! उद्यापासून येऊ नोको."

"मालक, मी काहून असं करीन?" डोमाजी एवढंच म्हणाले. रामरावांनी त्यांच्या हातातली किल्ली ओढून घेतली. माझा कानांवर विश्वास बसेना.

नव्या ड्रायव्हरच्या हाती आठवड्यात तीनदा बंद पडले, तेव्हा रामरावांनी मला अकोल्याच्या हर्षा मेस्त्रीणबाईंकडे नेलं. त्यांनी टाकीची नळी काढली आणि डिझेल भरलेल्या बाटलीवरून इंजिन चालवलं. बाटली रिकामी झाली की भरायची, असं तासभर. मी एकदाही अडखळले नाही.

"काका, इंजिन चांगलं हाये. दोष टाकीत हाये."

टाकी उतरवली. वाकड्या तारेनं त्यांनी आतून एक काळपट चिंधी ओढून काढली. "हे नळीच्या तोंडाले चिकटते, डिझेल अडवते. गाडी थांबली का सुटते."

रामरावांनी चिंधी पिळली. निळे काठ दिसताच ते ओरडले, "हा तं माहा खांद्यावरचा दुपट्टा!" टाकीचं झाकण हरवलं तेव्हा त्यांनीच तो फाडून त्याचा बोळा टाकीच्या तोंडात कोंबला होता. नवं झाकण आणलं तेव्हा बोळा जागेवर नव्हता. वाटेत पडला असेल, असं समजून ते विसरून गेले होते. माझ्या पोटात तो होता आणि मलाही ठाऊक नव्हतं!

त्याच दिवशी रामराव मला घेऊन डोमाजींच्या दारी गेले. हात जोडले. डोमाजींनी माझ्या बॉनेटवरून हात फिरवला.

"गाडी सुधरली, बरं झालं. पन मी येत नाही, मालक. रुळावरून हिले ढकलताना मले मरनाचं भेव नाही वाटलं. तुमी चोर म्हनलं, तवा वाटलं."

मित्रांनो, आता मी कुठेच अडत नाही. चालवणारे हात मात्र परके आहेत. यंत्र बिघडलं तर आधी ते पुरतं उघडून पाहा. बिघाड काढता येतो. माणसाला बोललेला शब्द काढता येत नाही.