गादीची विजार आणि रिकामी चौकट

थोरलीने सायकल विकायला काढली आणि कारण सांगितलं गुडघ्यांचं. घरात सगळ्यांनी माना डोलावल्या. पन्नाशी उलटलेल्या बाईने गुडघ्यांचं नाव काढलं की पुढे कुणी काही विचारत नाही, हा त्या कारणाचा मोठाच फायदा.

खरं कारण गुडघ्यांच्या बरंच वर होतं.

सायकल ती शिकली गेल्याच वर्षी. लहानपणी राहून गेलेली हौस. इमारतीमागच्या मोकळ्या जागेत धाकटी जाऊ सीट धरून मागे पळायची आणि थोरली किंचाळत पुढे जायची. ती पडली, खरचटली, कुणाच्या तरी उभ्या गाडीवर आदळली, गाडीचीच माफी मागून पुन्हा चढली. मग एका रविवारी ती गावाबाहेरच्या तळ्यापर्यंत एकटी जाऊन आली. तिचा चेहरा पाहून नवऱ्याने विचारलं, "लॉटरी लागली का?" ती म्हणाली, "हो." आणि ते खोटं नव्हतं.

दूर देशी असलेल्या लेकीने वाढदिवसाला सायकलवाल्यांची खास विजार पाठवली. काळी, घट्ट, मांडीपर्यंत येणारी, आणि बुडाखाली मऊ गादी शिवलेली. थोरलीने ती चारचौघींसारखी आपल्या रोजच्या निकरवर चढवली, त्यावर सैल पँट घातली आणि निघाली. जाताना वारा खात गेली. येताना मात्र तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. जांघेत सोलवटलं होतं, बसता येईना आणि सांगताही येईना. पुढच्या खेपेला तेच. त्याच्या पुढच्या खेपेला तर ती अर्धा रस्ता सायकल हातात धरून चालत आली.

मलम लावलं, पावडर लावली, सायकलचं सीट बदलून पाहिलं. शेवटी रात्री पालथं पडून तिने स्वतःशीच निकाल लावला: आपलं वय झालं. शरीरच सांगतंय, बाई, आता पुरे. याचं तिला इतकं वाईट वाटलं की तिने रागाने दुसऱ्याच दिवशी समोरच्या इमारतीतल्या नर्सला सायकल विकायचं कबूल केलं. रविवारी संध्याकाळी न्यायला या म्हणाली.

त्या रविवारी दोघींचे नवरे मॅच बघायला गेले होते. घरात थोरली आणि सासूबाई. वरच्या मजल्यावरची धाकटी सायकल पुसायला मदत करते म्हणून खाली आली. धाकटी पडद्यांच्या दुकानात कामाला. तिला कापड कळतं, माणसं कळतात, आणि गप्प बसणं मात्र अजिबात कळत नाही.

"वहिनी, एक विचारू?" ती म्हणाली. "गुडघे दुखणारा माणूस उठताना कण्हतो. तुम्ही बसताना का कण्हता?"

थोरली सोफ्याच्या कडेला एका बाजूवर, उशी घेऊन बसली होती. तिने इकडे तिकडे पाहिलं. सासूबाई गॅलरीत होत्या. मग तिने धाकटीच्या कानात सगळं सांगितलं.

धाकटीला खरं तर हसायचं नव्हतं. पण आधी नाकातून आवाज आला, मग खांदे हलायला लागले आणि मग तिने सायकल पुसायचं फडकंच तोंडात कोंबलं. "म्हणजे गुडघ्यांना तेल लावायला मी तुमच्याकडे बसत होते, तेव्हा तुम्ही..."

"गुपचूप लावून घेत होते," थोरली म्हणाली. आता तीही हसायला लागली, आणि हसताना दुखलं, आणि दुखलं म्हणून आणखी हसू आलं.

"आत काय घालता?" धाकटीने डोळे पुसत विचारलं.

"रोजचंच. सुती."

"सुती कापड घाम पितं आणि धरून बसतं. वर त्याची ती जाड शिवण. चला, कपाट उघडा."

कपाटात जे होतं ते पलंगावर आलं. जाड सुती, फुलाफुलांची. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला नवऱ्याने लाजत आणलेली लेसची, जी एकदाही बाहेर निघाली नव्हती. शिवण नसलेली एक गुळगुळीत, मांडीवर येणारी एक लांब. धाकटीही धावत वर जाऊन आपलं न फोडलेलं एक पाकीट घेऊन आली. पलंगाकडे पाहून दोघींना पुन्हा हसू फुटलं.

"आता सांगा, कुठली चांगली वाटते?"

"असं नाही विचारायचं," थोरली म्हणाली आणि तिचा आवाज एकदम बदलला. तो तिचा दुकानातला आवाज होता.

थोरली चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती मोठी गोल चौकट, तीत एकामागून एक भिंगं. 'कसं दिसतंय?' असं ती कधीच विचारत नाही. तसं विचारलं की माणसं भिडेपोटी 'छान' म्हणतात आणि चुकीचा चष्मा घेऊन जातात. ती दोनच भिंगं पुढे धरते. हे बरं, की ते? जे बरं ते ठेवायचं, त्याच्यासमोर पुढचं आणायचं. आणि सगळ्यात शेवटी ती सगळी भिंगं काढून रिकाम्या चौकटीतून एकदा वाचायला लावते. कधी कधी एखाद्याला त्यातूनच सगळ्यात स्वच्छ दिसतं. मग ती चौकट उतरवून म्हणते, "तुम्हाला काहीही झालेलं नाही. घरी जा." मालक कपाळाला हात लावतो, पण थोरलीला दिवसभर छान वाटत राहतं.

तर परीक्षा सुरू झाली. विजारीच्या आत एक चढवायची, जिना उतरायचा, इमारतीला फेरी मारायची, फाटकाजवळच्या गतिरोधकावरून जायचं, परत वर. खरा परीक्षक तो गतिरोधक. त्याच्यापुढे कुणाचीच भीड चालत नव्हती.

फुलाफुलांची विरुद्ध लेसची. लेसची गतिरोधकावरच नापास झाली आणि थोरलीच्या तोंडून असा शब्द निघाला की फाटकावरच्या पहारेकऱ्याने वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरलं.

"हे बरं, की ते?" धाकटीने जिन्यात विचारलं.

"ते. ही तर नुसती खाज आहे. बिचाऱ्याने एवढी हौसेने आणली होती."

फुलाफुलांची विरुद्ध लांब. लांब वर सरकून गोळा झाली. मग गुळगुळीत. गुळगुळीत जरा बरी निघाली, पण तिची रबरी कड नेमकी दुखऱ्या जागी बसली. पाकिटातली तिच्याहून वाईट. दर फेरीला थोरली धापा टाकत वर यायची, न्हाणीघराचं दार धाडकन लागायचं, पुन्हा उघडायचं, पुन्हा जिन्यावर पावलं.

शेवटी सासूबाई गॅलरीतून आत आल्या. "काय गं, पोट बिघडलंय का तुझं? सकाळपासून न्हाणीघरात खेपा चालल्यात."

धाकटी जमिनीवरच बसली. हसून हसून तिला उठता येईना. थोरलीने एक श्वास घेतला आणि सासूबाईंना सगळं सांगून टाकलं. इतकी वर्षं एका घरात काढली, पण हा विषय दोघींमध्ये कधी निघाला नव्हता.

सासूबाईंनी पलंगावरचा पसारा पाहिला. लेसची त्यांनी दोन बोटांनी उचलून उजेडात धरली आणि परत ठेवून दिली. "मग आता कुठली राहिली?"

"संपल्या, आई," थोरली म्हणाली. तिचा चेहरा उतरला. गुळगुळीत जिंकली होती, पण ती घालून तळ्यापर्यंत जाणं काही शक्य नव्हतं. म्हणजे निकाल तोच. संध्याकाळी नर्स येणार आणि सायकल जाणार. ती विजार काढून ठेवायला वळली आणि मध्येच थांबली.

"रिकामी चौकट राहिली," ती हळूच म्हणाली.

धाकटीला आधी कळलं नाही. मग कळलं. "काहीच नाही? वहिनी, बाहेर? रस्त्यावर?"

दोघींनी सासूबाईंकडे पाहिलं. आता काय ऐकावं लागतंय, असं थोरलीला वाटलं. सासूबाईंनी विजार हातात घेतली, गादी दाबून पाहिली, उलटी करून पाहिली.

"आतून कापड मऊ आहे, शिवण कुठे नाही," त्या म्हणाल्या. "ही वर घालायची नाहीच मुळी. हीच आतली आहे. उशीला एक अभ्रा असताना आत दुसरा कशाला कोंबायचा?"

थोरली न्हाणीघरात गेली, आली, आणि भिंतीला धरून जिना उतरली. विजारीवर सैल पँट होती, तरी सगळ्या जगाला कळलंय असं तिला वाटत होतं. जगाला अर्थातच पत्ता नव्हता. पहारेकरी कोडं सोडवत होता.

वरून धाकटी आणि सासूबाई कठड्यावर वाकून बघत होत्या. थोरलीने फेरी घेतली. गतिरोधक आला. ती त्याच्यावरून गेली, थांबली, मागे वळली, पुन्हा गेली. मग तिने वर पाहिलं. हसली वगैरे नाही. घंटी वाजवली आणि सरळ फाटकाबाहेर निघून गेली.

"गेली की," सासूबाई म्हणाल्या.

ती परतली तेव्हा ऊन उतरलं होतं. केस विस्कटलेले, नाक लाल. तळ्याला जाऊन, वळसा घालून, परत. ती आली आणि सोफ्यावर दाणकन बसली. मधोमध, उशी न घेता. धाकटीने टाळ्या वाजवल्या आणि थोरलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "काहीही झालेलं नव्हतं गं मला," ती म्हणाली.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. सायकल न्यायला नर्स आली होती. तरुण, हसरी मुलगी, गळ्यात अजून कामाचं ओळखपत्र.

"माफ करा," थोरली म्हणाली, "सायकल द्यायची नाही ठरलं."

मुलीचा चेहरा पडला. "असू दे. माझ्याकडे आहे एक, पण तिचं सीट धड नाही. दवाखान्यापर्यंत जाईस्तोवर माझी पाठ धरते. म्हटलं, तुमची बघावी."

"बसा तरी," धाकटी म्हणाली.

मुलगी बसली. सोफ्याच्या कडेला, एका बाजूवर, जपून. बसताना कण्हली.

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. सासूबाई उठल्या आणि त्यांनी बाहेरचं दार लोटून घेतलं. धाकटीने फडकं तोंडाशी नेलं. थोरली खुर्ची ओढून मुलीच्या समोर बसली, दुकानात बसते तशी, अगदी जवळ.

"पाठ नाही ना?" तिने विचारलं.

मुलगी कानापर्यंत लाल झाली. मग हळूच मान हलवली. "कुणाला सांगू नका. माझ्यातच काहीतरी बिघाड आहे बहुतेक. मैत्रिणी तर रोज चालवतात."

"विजार गादीची आहे?"

"हो."

"आणि तिच्या आत?"

मुलीने गोंधळून सासूबाईंकडे पाहिलं.

"सांगून टाक, बाळ," सासूबाई म्हणाल्या. "इथे सकाळपासून हाच विषय आहे."

मुलीने सांगितलं. थोरलीने तिचा हात हातात घेतला.

"तुम्हाला काहीही झालेलं नाही," ती म्हणाली. "घरी जा, आणि आतली एक काढून या."