सोळा तारा आणि एक डोळा

मित्रांनो, मी एक जुना मोजणीचा डबा आहे, आणि स्वभावाने पक्का भित्रा आहे. पंख्यांच्या कारखान्यात, चाचणीच्या खोलीत माझा जन्म गेला. माणसापेक्षा उंच पंखा फिरू लागला की त्याची थरथर सोळा तारांतून माझ्याकडे येते. मी ती मोजतो आणि पडद्यावर रेघ काढतो.

मला निवडलं ते चाचणीवाल्या ताईंनी. माझ्या खोक्यावर छापलं होतं, 'सेकंदाला एक लाख साठ हजार नोंदी'. ते वाचून ताई खूश झाल्या. सगळे माझं कौतुक करू लागले, आणि मला मात्र भीती वाटू लागली. कारण त्या नोंदी सोळा तारांत मिळून होत्या. मला डोळा एकच. पहिली तार पाहायची, मग दुसरी, अशी धावपळ करत पुन्हा पहिलीकडे यायचं. तेवढ्यात तिथे काय घडून गेलं, ते मला कळतच नसे. पण डब्याला तोंड कुठे असतं?

अर्ध्या वेगावर माझी रेघ शांत दिसली की ताईंचे वडील पंख्याजवळ जात. ते तिथले सर्वांत जुने फिटर. स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवून ते मूठ कानाला लावत. मग त्यांच्या खुणेवर ताई वेग पूर्ण करत. रोज त्या क्षणी मी भीतीने अर्धा होई.

एका सकाळी पहिल्या तारेवर काहीतरी चमकल्यासारखं वाटलं. परत येऊन पाहिलं, तर काहीच नाही. पडद्यावर रेघ सरळच गेली. वडील पंख्यापाशी वाकले होते. ताईंचा हात वेगाच्या बटणावर होता. मला ओरडावंसं वाटत होतं.

"पोरी, थांब. आत किरकिरतंय."

"बाबा, रेघ बघा ना, किती सरळ आहे!"

"रेघेला कान आहेत का? बरं, तुझ्या डब्यावर विश्वास असेल तर वाढव वेग. मी इथेच उभा राहतो."

ताईंचा हात बटणावरून खाली आला. त्यांनी कपाटातून माझी पुस्तिका काढली आणि बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली. एका शब्दावर बोट थांबलं.

"बाबा, तिथून बाजूला व्हा. हा आकडा 'मिळून' आहे. मी 'प्रत्येकी' समजले."

त्यांनी माझ्या पंधरा तारा काढल्या. आयुष्यात पहिल्यांदाच मी एका जागी डोळा रोखून पाहिलं. रेघ पडद्याच्या वरपर्यंत उसळली. ताईंनी पंखा बंद केला. बेअरिंग उघडलं, तर आतल्या गोळीला तडा गेलेला. वडिलांनी ती लेकीच्या तळहातावर ठेवली. ताई रडल्या. मला हायसं वाटलं.

आता तिथे नवा डबा आहे, त्याला प्रत्येक तारेसाठी वेगळा डोळा आहे. मी कोपऱ्यात एकाच तारेचं काम करतो. धूळ बसते, पण माझी तक्रार नाही.

भीती मात्र गेलेली नाही. मित्रांनो, आम्हाला निवडताना मोठ्या आकड्याला भुलू नका. 'मिळून की प्रत्येकी' एवढं विचारा. कारण मला आणणाऱ्या गाडीतून माझ्यासारखेच आणखी सहा डबे निघाले होते. ते कुठे आहेत आणि त्यांच्या भरवशावर कोण वाकून उभं आहे, मला माहीत नाही.